उचकीरावाच्या पायाखाली

सगळं शहर ज्या आवाजाला हसतं, त्या आवाजाने माझ्या पोटात गोळा येतो. असं म्हटलं की मैत्रिणी डोळे मोठे करतात. "तुझ्या पोटात? अगं, तूच तर त्याच्यावर भाषण ठोकून अख्खा चौक हसवलास!" हसवला ना. तेच तर सांगायचंय. पण मी अशी मधूनच सुरू झाले की आत्या म्हणते, "अगं, शेपटाकडून काय सांगतेस!" म्हणून आधी उचकीराव.

उचकीराव म्हणजे आमच्या चौकातल्या कारंज्याचा पुतळा. खरं नाव वेगळं आहे, भलंमोठं, चौथऱ्यावर कोरलेलं आणि कोणालाही पाठ नसलेलं. ते शहराचे पहिले महापौर. त्यांना भाषणाची इतकी हौस, की जिवंतपणीच त्यांनी आपला भाषण करतानाचा पुतळा करून घेतला. पोट पुढे, उजवं बोट आभाळात, कोटाचं एक बटण तुटायला आलेलं आणि तोंड हे एवढं उघडं. त्या तोंडातून पाण्याची धार पडणार होती, अखंड, जशी त्यांची वाणी. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. प्रत्यक्षात आधी काहीच होत नाही. मग घशात गुर्र होतं. मग "हिक्!" आणि मूठभर पाणी उडून बाकावर पेपर वाचणाऱ्याच्या चष्म्यावर पडतं. मग परत सामसूम. बोट वर, तोंड उघडं, जणू पुढचं वाक्यच विसरले.

उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय, असं आपण म्हणतोच. तेव्हा शहराने ठरवून टाकलं, की उचकीरावाने उचकी दिली त्या क्षणी जवळ जो उभा असेल, त्याची कोणीतरी कुठेतरी आठवण काढतंय. झालं! परगावी शिकणारी मुलं फोनवर विचारतात, "आई, आज चौकात गेलीस का? दिली का उचकी?" प्रेमात पडलेले तिथे तासन्तास ताटकळतात. भांडणात म्हणतात, "तुझ्यासाठी उचकीरावसुद्धा उचकायचा नाही!" थंडीत कोणीतरी गुपचूप येऊन त्याच्या गळ्यात मफलर घालून जातं. मी लहान असताना मला वाटायचं, प्रत्येक शहराला असा एक असतोच.

आणि या उचकीचं श्रेय म्हणा, खापर म्हणा, आमच्या घराच्या डोक्यावर. पुतळ्याच्या घशात नळ बसवला तो माझ्या पणजोबांनी. पाणीखात्यात ते नळकारागीर होते. उद्घाटनाच्या दिवशी धार पडायच्या ऐवजी उचकी पडली, आणि पणजोबांचं नाव झालं ते कायमचं झालं. आजोबांना शाळेत पोरं "हिक्" म्हणून चिडवायची. बाबांनाही. माझ्यापर्यंत येईतो ते चिडवणं संपून कौतुक सुरू झालं होतं. नशीब माझं!

आता त्या नळाची देखभाल आत्याकडे आहे. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्यातच राहते, पाणीखात्यात काम करते, आणि चौकातले सगळे तिला पानेवाली म्हणतात, कारण तिच्या पट्ट्याला नळ आवळायचे दोन पाने कायम लटकलेले असतात. चालते तेव्हा खणखण वाजते. "शहराचा घसा माझ्या मुठीत आहे," असं ती जेवताना म्हणते आणि बाबा म्हणतात, "मीठ दे आधी."

चौथऱ्याजवळ, कारंज्याच्या कठड्याबाहेरच्या फरशीत एक लोखंडी झाकण आहे. ते उचललं की खाली शिडी, आणि शिडीखाली कपाटाएवढी खोली. तिला सगळे चेंबर म्हणतात. भिंतीतून मुख्य नळ येतो, मधे चाकाचा व्हॉल्व्ह, आणि तिथून वर उचकीरावाच्या पोटात पाइप. बस, एवढंच. मी तिथे एकदाच उतरले आहे. हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागली. वास असा, की जुन्या फडक्यात नाणी बांधून ठेवली असावीत. आत्याने गंमत म्हणून झाकण ओढलं आणि बॅटरी लावली. मी वर पाहिलं. झाकणाची आतली बाजू खड्ड्याखड्ड्यांची होती, व्रण पडलेल्या चेहऱ्यासारखी. का कोण जाणे, तो चेहरा माझ्याकडे बघतोय असं वाटलं आणि मी जी किंचाळले!

"गंज आहे गं तो," आत्या म्हणाली. "पंच्याहत्तर वर्षांच्या लोखंडाला खड्डे पडणारच. तुझ्या बापाच्या डोक्याला नाही का पडलं टक्कल?"

मी हसले, पण शिडीवर मीच आधी चढले.

माझी शाळा चौकाच्या समोरच आहे. आता माझं तोंड बंद करायला व्हॉल्व्ह लागतो असं घरात म्हणतात, पण आधी मी अशी नव्हते. वर्गात हात वर करायचा म्हटला की घाम फुटायचा. उत्तर येत असायचं, घशात अडकायचं. एकदा मी रडत घरी आले तर आत्या म्हणाली, "उद्या मधल्या सुट्टीच्या आधी कान उघडे ठेव." दुसऱ्या दिवशी खिडकीतून आवाज आला. हिक् हिक्. मग थांबून, हिक्. घरी आत्या बाथरूमचं दार अशीच वाजवते, दोन पटापट आणि थांबून एक, म्हणजे "बाहेर ये बाई, किती वेळ!" ती खाली चेंबरमध्ये व्हॉल्व्ह फिरवून मला हाक मारत होती. अख्ख्या शहराला वाटत होतं त्यांचीच कोणीतरी आठवण काढतंय, आणि ती उचकी माझी होती! त्या दिवशी मी हात वर केला. त्यानंतर तो खाली आलाच नाही म्हणा ना.

तर, उचकीरावाला पंच्याहत्तर वर्षं झाली. चौकात मोठा कार्यक्रम ठरला. बँड, महापौरबाई, आणि शाळेतर्फे पुतळ्याच्या इतिहासावर भाषण. वर्गात बाईंनी विचारलं कोण करणार, आणि माझा हात आधीच वर होता.

भाषण मी स्वतः लिहिलं. आरशासमोर केलं, आईसमोर केलं, बाबांसमोर केलं, आत्यासमोर तर इतक्यांदा केलं की ती झोपेत पुढची वाक्यं म्हणायला लागली. सगळ्या घरगुती गोष्टी घातल्या. उद्घाटनाच्या भाषणात महापौर श्वास घ्यायला थांबले की मागून "हिक्" यायचं आणि ते वळून स्वतःच्याच पुतळ्याकडे डोळे वटारायचे, ती गोष्ट. कार्यक्रम संपल्यावर स्टेज उचललं तर खालून नखशिखान्त भिजलेले पणजोबा निघाले आणि लोक म्हणाले, "पुतळ्याने आपल्या कारागिराला आंघोळ घातली!" ती गोष्ट. आणि सगळ्यात शेवटी ठेवलेली माझी हुकमाची: पणजोबा नंतर जन्मात त्या चौकात गेले नाहीत. का, असं विचारलं की म्हणायचे, "मला पोहता येत नाही." गुडघाभर पाण्याचं कारंजं, आणि हे म्हणतात पोहता येत नाही! आमच्या घरात आजही कोणाला एखादं काम टाळायचं असलं की म्हणतात, "मला पोहता येत नाही हं."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी उचकी मंदावली. आता पुतळ्याचाच वाढदिवस आणि पुतळाच गप्प, कसं चालेल? आत्याला बोलावणं आलं. मी तिच्याबरोबर गेले. स्टेज कारंज्याच्या पलीकडच्या बाजूला लावत होते, बँडवाले पट्टे आवळत होते, खुर्च्या खडखडत होत्या.

"जोड सैल झालाय कुठेतरी," आत्या शिडीवर उभी राहून म्हणाली. "आवळते आणि येते. गर्दी फार आहे, कोणाचं पोर आत पडेल. मी झाकण ओढून घेते. वर शंकू ठेव."

मी तो नारंगी शंकू झाकणावर ठेवला. खालून आवाज आला, "ठेवलास?"

"ठेवला!"

"मग जा, वेणी घाल नीट. पहिल्या रांगेत बसून डोळा मारीन तुला."

मी शाळेत गेले. बाईंनी केस विंचरून दिले, पाणी पाजलं, "घाई करू नकोस, हशा संपू दे, मग पुढचं वाक्य" असं शंभरदा सांगितलं. बँड सुरू झाल्याचा आवाज आला आणि आम्ही धावतच निघालो. गर्दीतून वाट काढत बाईंनी मला मागच्या पायऱ्यांनी वर ढकललं, आणि मी एकदम माइकसमोर.

बाप रे, काय माणसं! बाल्कन्यांतसुद्धा. पहिल्या रांगेत आई, शेजारी मोबाइल उगारून बसलेले बाबा, आणि बाबांशेजारी आत्याची खुर्ची. खुर्चीवर बाबांची पिशवी. येईल, म्हटलं. हात धुत असेल.

मी सुरू केलं. आणि काय सांगू, पहिल्याच वाक्याला हशा! पुतळ्याच्या पोटावर बोलले, हशा. बटणावर बोलले, महापौरबाई रुमाल तोंडाला लावून हसल्या. मी तरंगत होते. मग मी उद्घाटनाच्या गोष्टीवर आले. "महापौर म्हणाले, बंधूंनो आणि भगिनींनो, श्वास घेतला, आणि मागून…"

माझ्या मागून खराच आवाज आला. हिक् हिक्. मग, हिक्.

चौक नुसता कोसळला. टाळ्या, शिट्ट्या. कोणीतरी ओरडलं, "आठवण काढली रे काढली!" आणि मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, आत्याच! खालून शाबासकी देतेय! मी वळून उचकीरावाला मुजरा केला. आणखी टाळ्या. मी माइकमधून म्हणाले, "थँक्यू हं, साहेब!" आणि पुढे गेले.

परत आली. हिक् हिक्. हिक्. परत हशा. मी परत वाकले.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी वाकले नाही. आत्या अशी नाही. आत्या एकदाच देते. "जास्त लाड केले की पोरं शेफारतात," हे तिचंच वाक्य. पण समोर लोक वाट बघत होते, बाई हाताने "चालू दे, चालू दे" करत होत्या, आणि तोंडाला तर सवयच झाली होती. तोंड पुढे बोलत राहिलं.

"…आणि कार्यक्रम संपला, लोक पांगले, कामगारांनी स्टेज उचललं, तर स्टेजखालून…"

स्टेजखालून.

हे वाक्य मी आरशासमोर किती वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकलं.

मी खाली पाहिलं. लाकडी फळ्या, वर लाल कापड. मग डावीकडे पाहिलं. कारंज्याचा कठडा जिथे असायला नको तिथे होता, अगदी हाताशी. मघाशी स्टेज पलीकडे होतं. ऊन महापौरबाईंच्या डोळ्यांवर येत होतं म्हणून ते मधेच अलीकडे सरकवलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एक गोष्ट दिसली. स्पीकरच्या खोक्यामागे, फोटोत येऊ नये असा नीट दडवून, आडवा टाकलेला नारंगी शंकू.

मी जिथे उभी होते, माइक जिथे उभा होता, बरोबर तिथेच ते झाकण होतं. मी आत्याच्या डोक्यावर उभी राहून हशा घेत होते.

हिक् हिक्, आली. आणि यावेळी थांबून येणारी एक आलीच नाही.

"आत्या खाली आहे," मी म्हणाले.

हशा.

"नाही, खरंच. माझी आत्या खाली आहे. स्टेज उचला!"

आणखी मोठा हशा. अहो, मी आत्ताच तर त्यांना सांगितलं होतं, खालून भिजलेला माणूस निघाला म्हणून! त्यांना वाटलं, पोरीने काय सोंग वठवलंय. महापौरबाई टाळ्या वाजवत होत्या. बाबा मोबाइलमागून हसत होते, अभिमानाने अगदी. बाई ओठांनी म्हणत होत्या, "छान! पुढे!"

"हसू नका!" मी किंचाळले. माइकने कर्कश शीळ घातली, लोकांनी हसत कानांवर हात ठेवले. बँडच्या ढोलवाल्याला वाटलं ही माझी खूण आहे. त्याने धडाम् करून एक ठोका दिला.

मला तुम्हाला ती भीती नीट सांगता येणार नाही. काळोखाची भीती असते, पडायची असते, परीक्षेची असते, त्या सगळ्या मला माहीत आहेत. ही वेगळी होती. हजार माणसं तुमच्याकडे प्रेमाने बघतायत, तुम्ही ओरडताय आणि तुमचा प्रत्येक शब्द बाहेर पडला की विनोद होतोय. जितकी मी रडकुंडीला येत होते, तितके ते खूश होत होते. घसा तोच जुना, वर्गातला. उत्तर येतंय आणि अडकलंय.

मग मी बोलायचं सोडून दिलं.

स्टँडवरून माइक ओरबाडला, लाल कापड फाडल्यासारखं बाजूला ओढलं आणि पोटावर पडले. दोन फळ्यांच्या फटीत माइक खुपसला. कान लावला तर थंडगार हवा लागली, आणि तो वास आला, फडक्यात बांधलेल्या नाण्यांचा.

आधी स्पीकरमधून नुसतं पाणी ऐकू आलं. लोक अजून हसत होते. मग आला तो आवाज.

ठण् ठण्.

मग, कितीतरी वेळाने, ठण्.

चौकातल्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून, लोखंडावर लोखंड. आणि त्यामागे बाईमाणसाचा आवाज, पाण्यातून आल्यासारखा, शब्द कळत नव्हते. हसू विझत गेलं, पुढच्या रांगेपासून मागच्यांपर्यंत, आणि बाल्कनीतलं शेवटचं कोणीतरी एकटंच हसून गप्प झालं.

बाबांचा मोबाइल खाली पडला. "ताई!" एवढंच ते ओरडले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, लहान भावाचा होता तो. खुर्च्या उडवत ते आले. ढोलवाला आला, बाजावाले आले, स्टेजवाला "खिळे नाहीत, नुसतं ठेवलंय, उचला, उचला!" करत आला, महापौरबाई चपला टाकून फळीला हात लावायला आल्या. स्टेज उचललं गेलं. झाकण दिसलं. झाकणाच्या कडेने पाणी पाझरत होतं.

बाबांनी आत्याची पहार कठड्यावरून उचलली आणि कडेत घातली. एकदा निसटली. दुसऱ्यांदा झाकण करकरत उभं राहिलं आणि उलटं आदळलं.

आत काळं पाणी होतं, अगदी काठाशी, आणि त्यात वर केलेला एक चेहरा. हनुवटी पाण्यात, नाक बाहेर, एक हात शिडीला आणि दुसऱ्या हातात पाना. डोळे मिटलेले. मग डोळे उघडले.

बाबांनी आणि ढोलवाल्याने तिला काखेत धरून ओढलं. ती फरशीवर बसली, निळी पडलेली, दात कडकड वाजत होते, आणि ती खोकली, खोकली, खोकतच राहिली. मी तिच्या गळ्यात पडले ते सुटेचना.

"भाषण," ती म्हणाली, "कुठपर्यंत आलं?"

"गप्प बस गं!" मी ओरडले आणि भोकाड पसरलं.

काय झालं होतं ते तिने नंतर घरी, गोधडीत गुंडाळून बसल्यावर सांगितलं. मुख्य नळाचा जोड आवळायला गेली आणि तो हातातच फुटला. व्हॉल्व्हच्या अलीकडे फुटला, त्यामुळे पाणी बंद करायचा उपायच नव्हता. झाकणाला खांदा लावला तर हलेना, स्टेजची चौकट बरोबर त्यावर टेकली होती. वर पावलं, खुर्च्या, बँड. ओरडून उपयोग नव्हता. पान्याने झाकण ठोकलं, तर नेमका ढोल. मग व्हॉल्व्ह.

"व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला की पाणी वर जायचं, खोली हळू भरायची," ती म्हणाली. "उचकी द्यायची तर तो बंद करायला लागतो. बंद केला की फुटलेल्या जोडातून सगळं आत. एकेक हाक मारली की पाणी इथून इथे." तिने गोधडीवर कमरेपासून छातीपर्यंत बोट फिरवलं.

आई उठून आत गेली.

"आणि वर तुम्ही हसत होतात," आत्या म्हणाली. रागावून नाही. "ऐकू येत होतं. पाण्यातून हसणं फार छान ऐकू येतं."

त्या रात्री कोणी फारसं जेवलं नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे, चौकातलंच. डॉक्टर तिची नाडी बघत होते आणि ती मात्र एकटक बघत होती त्या उलट्या पडलेल्या झाकणाकडे. आतली बाजू वर आलेली. उन्हात मी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. त्यावर चकचकीत नवे खड्डे होते, तिच्या पान्याचे. आणि त्यांच्या खाली, शेजारी, सगळीकडे, जुने. गंजाने भरलेले, पण त्याच मापाचे. त्याच जागी. शिडीवर उभ्या माणसाचा हात जिथे पोचतो, तिथे.

"गंज नव्हे," आत्या हळूच म्हणाली.

पणजोबा. बँड, लांबलचक भाषण, महापौर श्वासाला थांबले की हिक्, आणि सगळा चौक हसतोय. कारण बोलणं थांबलं, की तेवढ्यातच ऐकू गेलं तर जाईल, हे खालच्या माणसाला कळत होतं. बंद, उघड, बंद, उघड, जिवाच्या आकांताने. त्यातच व्हॉल्व्हच्या आतली चकती वाकली असणार, आणि ती वाकलेलीच राहिली, कारण लोकांना उचकी आवडली. पंच्याहत्तर वर्षं आम्ही एका माणसाची हाक ऐकतोय आणि म्हणतोय, अरे वा, कोणीतरी आठवण काढली.

"पण ते कोणाला बोलले का नाहीत?" मी विचारलं. "एकदा तरी सांगायचं ना!"

आत्याने माझ्या ओल्या वेणीवरून हात फिरवला. "सांगत होते की. मला पोहता येत नाही, म्हणून. आम्ही हसायचो."

आता जोड नवा आहे. झाकणही नवं आहे, आतून बाजूला सरकणारं, त्याच्यावर कोणी काही ठेवलं तरी उघडतं. आत्याने ते खात्याशी भांडून करून घेतलं. वाकडी चकती बदलायची का, असंही विचारलं होतं तिला. उत्तर द्यायला तिने आठवडा घेतला. मग म्हणाली, "राहू दे. आजोबांचा आवाज आहे."

ती पुन्हा पहिल्यांदा खाली उतरली तेव्हा मी शाळा बुडवली. बाईंना सांगूनच. झाकणाच्या काठावर पाय आत सोडून बसले आणि बडबड सुरू केली. वर्गातल्या भानगडी, आईने फोडलेली बरणी, जे सुचेल ते. मी बोलायची थांबले तर खाली काळोख होईल असं वाटत होतं.

"अगं बये, जरा श्वास घे!" खालून आवाज.

"नाही घेणार!"

"पाना हातातून पडला तुझ्यामुळे."

"पडू दे! तू बोलत राहा!"

तेवढ्यात वर उचकीरावाच्या घशात गुर्र झालं आणि हिक्! पाणी माझ्या मानेवर उडालं. बाकावरची पेपरवाली आजी हसली, "बघ गं, कोणीतरी आठवण काढली तुझी." मला हसू आलं नाही. मी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला, वाकले, आणि त्या वासात तोंड घालून विचारलं,

"आत्या, आहेस ना?"

मधे फक्त पाण्याचा आवाज होता. तो संपतो की नाही असं मला वाटलं.

"आहे," आत्या म्हणाली. "बोल पुढे."

आजीचं हसू थांबलं होतं. तिने पेपर घडी घालून बाकावर ठेवला, उठून माझ्याजवळ आली आणि गुडघ्यावर हात टेकून, माझ्यासारखीच, आत वाकून बघू लागली.